चित्रात न आलेली रक्तवाहिनी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेले छायाचित्र वर्गात अवश्य दाखवावे. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. 'सडपातळ माणसाला मधुमेह कसला?' हा समज ते एका नजरेत खोडून काढते.

तरीही आमच्या मते हे चित्र अपुरे आहे. ते पाहून विद्यार्थी सारा दोष चरबीला देतो. रक्तवाहिनी चित्राबाहेरच राहते. येथे बोदलकसा (जि. गोंदिया) येथील तलाव उपयोगी पडेल. तलाव भरलेला असला, तरी धानाच्या बांधीत पाणी पोचायला कालवा मोकळा लागतो. इन्सुलिन स्नायूंना साखर घ्यायला लावते, तसेच रक्तवाहिनीच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड तयार करवून तिला रुंदही करते. इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण झाला की हे रुंदावणे कमी होते. मग स्नायूंपर्यंत साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी पोचतात आणि प्रतिरोध आणखी वाढतो. मधुमेहाच्या पाठोपाठ हृदयविकार का येतो, याचे एक कारण या दुष्टचक्रात आहे.

म्हणून चित्र दाखवून झाल्यावर शिक्षकांनी एवढेच विचारावे: यात कालवा कुठे आहे?