चार पावलं आणि डावा पाय

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, एक नंबरची सबवे गाडी जिथे संपते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गेलिक पार्क आहे. आयरिश मंडळींनी १९२६ पासून आपले खेळ इथे जपले. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्या गेलिक फुटबॉलवर लिहावंसं वाटलं, ते सामन्यांपेक्षा त्यांच्या सरावामुळे.

या खेळात चेंडू हातात धरून पळता येतं, पण चारच पावलं. मग तो जमिनीवर आपटून झेलायचा, नाहीतर चवड्याने उडवून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोनदा आपटायला मनाई आहे. चवड्याने मात्र कितीही वेळा उडवा. या दुसऱ्या प्रकाराला ‘सोलो’ म्हणतात. त्याचं श्रेय आयर्लंडमधल्या मेयो काउंटीच्या शॉन लॅव्हनला देतात. हा गडी १९२४ च्या ऑलिंपिकमध्येही धावला होता.

लहान मुलांना सोलो आधी उभ्या जागी शिकवतात. चेंडू हातातून सोडायचा, वर भिरकवायचा नाही. पायाची बोटं वर ओढून धरायची, म्हणजे चेंडू उलटा फिरत छातीकडे येतो. बोटं खाली झुकली की तो पुढे निसटलाच. ते जमलं की चालत, मग पळत, मग शंकूंच्या रांगेतून नागमोडी. उजव्या पायाने जमलं की लगेच तेच सगळं डाव्याने. मुलं इथे कुरकुरतात आणि शिकवणारे इथेच हटून बसतात. त्यांचं बरोबर आहे. एकाच पायाने सोलो करणाऱ्याची बाजू बचावपटू दोन मिनिटांत ओळखतो.

मला सर्वांत आवडतो तो नजरेचा सराव. मूल सोलो करत येतं, समोरचा शिक्षक बोटं दाखवतो आणि मुलाने पळता पळता आकडा ओरडून सांगायचा. चेंडूकडे बघत राहिलं तर आकडा चुकतो. त्यानंतर अरुंद पट्ट्यात जोड्या लावतात. बचाव करणारा उघड्या पंजाने चेंडूला फटका मारून तो पाडू शकतो, म्हणून नेणाऱ्याने आपलं अंग मधे घालायचं आणि चेंडू त्याच्यापासून लांबच्या बाजूला ठेवायचा. आपटण्याची हूल देऊन वळायचं तेही इथेच मुरतं.

या शहराने या खेळाचा मोठा सामनाही पाहिला आहे. आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्यांच्या स्मरणार्थ, शंभर वर्षांनी, १९४७ साली ऑल-आयर्लंड या काउंटींच्या स्पर्धेची अंतिम लढत न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली. कॅव्हनने केरीला हरवलं. आयर्लंडबाहेर अशी अंतिम लढत पुन्हा कधी झाली नाही. पण तो एक दिवस होता. १९९९ पासून न्यूयॉर्कचा संघ आयर्लंडच्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत हरतच राहिला, तरी सराव थांबला नाही; आणि ८ एप्रिल २०२३ ला गेलिक पार्कवरच त्याने लीट्रिम काउंटीला पेनल्टींवर नमवलं.

आपली लेझीम आणि ढोल गणपतीच्या आधी काही आठवडे बाहेर निघतात, मग वर्षभर बांधून ठेवले जातात. आयरिश आई-बापांकडून मला उचलावंसं वाटतं ते हेच: उत्सव नसतानाही मुलांना मैदानावर आणून सोडणं.

उन्हाळ्यात रविवारी गेलिक पार्कवर सामने असतात. मुलांना घेऊन जा, पण अर्धा तास आधी पोहोचा. खेळाडू अंग मोकळं करत असतील तेव्हा कडेला उभे राहा आणि त्यांच्या डाव्या पायाकडे बघा.