‘द लाय ट्री’: खोट्याला लागलेलं खऱ्याचं फळ

पीएचडीला लागण्याआधी काय वाचू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. संशोधनपद्धतीची पुस्तकं वाचाच. पण सोबत मुलांसाठीची एक काळोखी, विक्षिप्त कादंबरीही वाचा: फ्रान्सेस हार्डिंज यांची ‘द लाय ट्री’ (२०१५). शेवट सांगत नाही, मधला एक उलगडा मात्र सांगावाच लागेल.

काळ १८६८. डार्विनचं ‘ओरिजिन’ येऊन नऊ वर्षं झालीत. चौदा वर्षांच्या फेथला निसर्गविज्ञानाचं वेड आहे. पण कवट्या मोजणारा एक डॉक्टर तिला तोंडावर सांगतो की बाईची कवटी लहान, म्हणून बुद्धीही कमी. (मोजमाप आहे म्हणजे विज्ञान आहे, असं नसतं. हा प्रसंग त्यासाठीच वाचा.) तिचे वडील पाद्री आणि नावाजलेले निसर्गअभ्यासक. त्यांचे जीवाश्म बनावट असल्याचा बोभाटा होतो, कुटुंब एका बेटावर पळून येतं आणि लवकरच वडील मृतावस्थेत सापडतात.

त्यांच्या कागदांतून फेथला एका झाडाचा पत्ता लागतो. ते अंधारात वाढतं. त्याच्यापाशी एक खोटं कुजबुजायचं आणि तेच लोकांत पसरवायचं. खोटं जितकं मोठं आणि त्यावर विश्वास ठेवणारे जितके जास्त, तितकं फळ मोठं. ते खाल्लं की दडलेलं सत्य दिसतं.

आता उलगडा. वडिलांनी जीवाश्म बनवले ते पैशासाठी नाही. माणूस कुठून आला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी साऱ्या जगाला पटेल असं खोटं हवं होतं. म्हणजे फसवणूक केली ती सत्याच्या ओढीने! मला पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच वाटली, खुनापेक्षाही.

कारण ती ओळखीची आहे. पहिल्या वर्षी माझ्या आलेखातले सात बिंदू रेषेवर होते, आठवा बाहेर. निष्कर्ष बरोबरच आहे याची खात्री होती, म्हणून मीटिंगच्या स्लाइडवरून तो मी काढून टाकला. कोणी विचारलं नाही. पुढे नमुना पुन्हा मोजला, तर बिंदू तिथेच! गाईडना ते सांगायला मला आठवडा लागला.

फेथने सोडलेल्या अफवाही पुढे तिला आवरत नाहीत. खऱ्या जगातला ‘पिल्टडाउन मानव’ आठवा: १९१२ मध्ये जाहीर झाला, बनावट ठरला थेट १९५३ मध्ये.

उणीव? शेवटाकडे रहस्यकथेची धावपळ वाढते आणि झाडाचा प्रश्न थोडा मागे पडतो. पण फेथ मनात राहते. ती हुशार आहे, आणि सत्यासाठी खोटं बोलताना तिला मजाही येते. लेखिका तिला माफ करण्याची घाई करत नाही.

वाचताना एकच करा. ‘मी असं कधीच केलं नसतं’ हे वाक्य मनात आलं की थांबा, आणि स्वतःची प्रयोगवही उघडून बघा.