'जंगनाम्या'तला अटारीवाला

शाह मुहम्मदचा 'जंगनामा' हे पहिल्या इंग्रज-शीख युद्धावरचं पंजाबी काव्य. पोवाड्यावर वाढलेल्या कानाला ते चटकन आपलंसं वाटतं आणि तितक्याच चटकन चकवतं. आपला शाहीर नायकाला सुरुवातीलाच पुढे आणतो. इथे शामसिंह अटारीवाल्याची गाठ पडायला अर्ध्याहून अधिक काव्य उलटावं लागतं.

तोवर चालतो लाहोर दरबाराचा खेळखंडोबा. 1839 मध्ये महाराजा रणजितसिंह गेले आणि गादीवर माणूस टिकेना. पुढच्याच वर्षी खडकसिंह गेला. बापाला अग्नी देऊन परतताना अंगावर कमान कोसळून नौनिहालसिंह संपला. 1843 मध्ये शेरसिंहाचा आणि त्याच दिवशी वजीर ध्यानसिंहाचा खून झाला. उरला बालराजा दलीपसिंह. हे सारं बैंत छंदात येतं. एका कडव्यात एकच यमक, आणि शेवटच्या ओळीत कवी स्वतःलाच हाक मारतो. 'तुका म्हणे' आलं की बहुधा निर्वाळा मिळतो. शाह मुहम्मदची हाक कधी टोमणा असते, कधी नुसती हळहळ. खुनामागून खून सांगताना त्याचा आवाज चढत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

शामसिंहाची हकिकत माहीत असली तर हा दरबारी भाग वेगळाच वाचला जातो. बापामागून तो रणजितसिंहांच्या चाकरीत आला. मुलतान (1818) आणि काश्मीर (1819) या मोहिमा त्यानं पाहिल्या. 1837 मध्ये त्याची लेक नानकी नौनिहालसिंहाला दिली. म्हणजे ती कमान कोसळली ती त्याच्या जावयावर! राजे बदलत गेले, अटारीचा सरदार दरबाराशी बांधलेलाच राहिला. इंग्रजांशी लढाई त्याला पसंत नव्हती. तरी 10 फेब्रुवारी 1846 रोजी तो सोबराँवच्या लढाईत होता, आणि तिथून परतला नाही.

त्याचा पांढरा पोशाख, पांढरी घोडी, ग्रंथसाहिबासमोरची शपथ हे सगळं लोकांनी जपलं आहे. दुसरा कोणी यावरच दहा कडवी खर्चून बसला असता. शाह मुहम्मद त्याला मेवासिंह आणि माघे खाँ यांच्याबरोबर एकाच कडव्यात घेतो. ओळख नाही, भाषण नाही. प्रत्येक ओळ झटकून टाकण्याच्या एकाच क्रियापदावर आदळते, म्हणून कडवं वाचताना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. शेवटी येते ती प्रसिद्ध लिंबाची उपमा: शिखांनी गोऱ्यांचं रक्त लिंबासारखं पिळून काढलं. वीररसाच्या ऐन भरात स्वयंपाकघरातली वस्तू आणायला धाडस लागतं. वाघ-सिंह इथे फिके पडले असते.

माझी तक्रार आहे ती दलीपसिंहाची आई राणी जिंदाँ हिच्याबाबत. 1845 मध्ये सैन्यानं तिचा भाऊ जवाहरसिंह याला मारलं. त्याचा सूड म्हणून तिनंच फौज मरणाच्या तोंडी दिली, असं कवी धरून चालतो. सोबराँवला सेनापती तेजसिंह मैदान सोडून गेला, सतलजवरचा होड्यांचा पूल तुटला, माघार घेणारे पाण्यात गेले. इतक्या मोठ्या नाशाला एका बाईचा राग कारण म्हणून पुरत नाही. शिवाय परंपरा सांगते की अटारीत बसलेल्या शामसिंहाला रणावर बोलावलं ते जिंदाँनंच. फौज बुडवायला निघालेली राणी आपला सर्वांत भरवशाचा सरदार तिकडे का धाडेल, याचं उत्तर 'जंगनामा' देत नाही.