देऊळ, मशीद की सभास्थान?

धानोऱ्याहून नोकरीसाठी मुंबईत आलो, तेव्हा 'मशीद' हे स्टेशनचं नाव वाचून मला एकच अर्थ लागला होता. जवळपास मोठी मशीद असणार, दुसरं काय! पुढे कळलं की हे नाव ज्या मशिदीवरून पडलं असं सांगतात, ती ज्यूंची. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेलं 'शार हारहामीम', मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक स्वतःच त्याला 'मशीद' म्हणत.

पुण्यात कॅम्पातल्या 'ओहेल डेव्हिड'ला (१८६७) लोक 'लाल देऊळ' म्हणतात. मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'सभास्थान'. आणि हल्लीच्या लेखांत सर्रास दिसतं ते 'ज्यूंचं प्रार्थनामंदिर'. मग यातलं बरोबर काय?

शब्द सोडवून बघू. देऊळ आलं 'देवकुल'वरून, म्हणजे देवाचं घर. मशीद म्हणजे सजदा करण्याची, माथा टेकण्याची जागा. सिनेगॉग मात्र ग्रीक 'सिनागोगे'वरून आलं, म्हणजे एकत्र जमणं. हिब्रूत 'बेत क्नेसेत', सभेचं घर. इस्राएलच्या संसदेचं नाव क्नेसेत आहे, आणि आपल्या काळा घोड्याच्या 'केनेसेथ एलियाहू'मधलं केनेसेथही तेच. या नावात ना देव आहे ना माथा टेकणं; आहेत ती फक्त माणसं. आत मूर्ती नसते, कपाटात तोराच्या गुंडाळ्या असतात. आणि परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला 'मिन्यान' म्हणतात.

म्हणजे अर्थाच्या कसोटीवर 'सभास्थान' जिंकतं. माझी तक्रार 'प्रार्थनामंदिर'बद्दल आहे. तो शब्द नेमकाही नाही आणि कुणाच्या तोंडचाही नाही. लिहिणाऱ्याला सोयीचा, एवढंच. 'मशीद' शब्दकोशात चुकीची ठरेल, पण ती खूप काही सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे हे लोक शेजाऱ्याचा शब्द आपल्या पवित्र जागेला लावत होते, आणि त्यानं त्यांचा धर्म बाटत नव्हता. आज आपण एक शब्द वाचतो आणि जागा कुणाची ते ठरवून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. कोकणात, मुंबईत इमारती उभ्या आहेत, पण काही ठिकाणी दहा जण जमवणंही अवघड झालंय. नाव सभेचं, आणि सभाच पांगलेली. अशा वेळी त्यांचा इथला शब्द तरी आपण पुसू नये. सिनेगॉग खुशाल लिहा, सभास्थानही लिहा. पण जिथे ते लोक 'मशीद' म्हणाले, तिथे मशीदच राहू द्या. ती चूक समजून दुरुस्त करू नका.