गॉथिक कॅथेड्रलमधील फ्लाइंग बट्रेस : व्हिओले-ल-द्यूक यांच्या संरचनावादी मीमांसेची चिकित्सा

प्रस्तावना

उंच दगडी कमानछत आणि त्याखालील रंगीत काचांच्या विस्तीर्ण खिडक्या ही बाराव्या-तेराव्या शतकांतील फ्रेंच गॉथिक कॅथेड्रलची ठळक वैशिष्ट्ये होत. कमानछत आपला भार केवळ खाली सोडत नाही. ते भिंतींना बाहेरच्या दिशेने रेटतही असते. पूर्वीच्या रोमनेस्क चर्चमध्ये हा रेटा प्रामुख्याने जाड भिंती पेलत. गॉथिक कारागिरांनी तो अर्ध्या कमानीच्या साहाय्याने बाजूच्या दालनांच्या छपरावरून पलीकडे, बाहेर उभारलेल्या भक्कम दगडी धिऱ्यापर्यंत नेला. ही रचना म्हणजे फ्लाइंग बट्रेस. तिच्यामुळे भिंतीवरील ताण हलका झाला आणि खिडकीला जागा मिळाली. या रचनेतील प्रत्येक अवयव संरचनेच्या गरजेतून आला काय, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा राहिला आहे.

संरचनावादी भूमिका

यूजेन व्हिओले-ल-द्यूक (१८१४-१८७९) यांनी १८५४ ते १८६८ या काळात फ्रेंच वास्तुकलेचा दहा खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्यांच्या मते गॉथिक वास्तू हा परस्परविरोधी बलांचा समतोल आहे : बरगड्या छत पेलतात, बट्रेस रेटा अडवतो आणि बट्रेसवरील टोकदार मनोरीही आपल्या वजनाने त्याला स्थैर्य देते. गॉथिक शैलीकडे केवळ अलंकरण म्हणून पाहणाऱ्या दृष्टीला हे समर्थ उत्तर होते. तथापि या मीमांसेत मध्ययुगीन गवंडी आधुनिक अभियंत्यासारखा दिसू लागतो. प्रत्यक्षात त्याच्यापाशी बलांचे गणित नव्हते. भूमिती, प्रमाणांचे परंपरागत नियम आणि आधीच्या इमारतींचा अनुभव ही त्याची साधने होती.

आक्षेप व त्यांची मर्यादा

पोल आब्राहाम यांनी १९३४ मध्ये या भूमिकेवर कठोर टीका केली. पहिल्या महायुद्धातील तोफमाऱ्यात काही ठिकाणी बरगड्या कोसळूनही छत टिकून राहिले होते. यावरून, अनेक अवयवांचे कार्य भार पेलण्यापेक्षा दृश्य परिणाम साधण्याचे आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे रॉबर्ट मार्क यांनी प्रतिकृतींवर प्रयोग करून दाखविले की, छताचा रेटा पेलण्यास फारशा उपयोगी न दिसणाऱ्या वरच्या अर्धकमानी वाऱ्याचा दाब अडवितात. येथे दोन्ही पक्षांतील समान उणीव स्पष्ट होते. सर्व अवयव आवश्यक मानणारे व्हिओले-ल-द्यूक आणि काही अवयव अनावश्यक ठरविणारे आब्राहाम हे दोघेही इमारतीचा विचार प्रामुख्याने एका स्थिर अवस्थेत करतात.

बोव्हेचे उदाहरण

बोव्हे येथील कॅथेड्रलचे काम १२२५ मध्ये सुरू झाले. वेदीकडील भाग १२७२ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ४८ मीटर उंचीचे त्याचे छत गॉथिक वास्तूंत सर्वाधिक उंच होय. १२८४ मध्ये या छताचा काही भाग कोसळला. चुना हळूहळू दबल्याने भार सडपातळ जोडस्तंभांवर येऊन ते मोडले, असे व्हिओले-ल-द्यूक यांचे स्पष्टीकरण होते. १९७६ मध्ये मार्क व त्यांच्या सहकाऱ्याने वाऱ्याच्या परिणामाकडे लक्ष वेधले. पुनर्बांधणी करताना कारागिरांनी मधे नवे खांब घालून अंतरे कमी केली. तो अनुभवातून शिकलेला धडा होता. उलट विसाव्या शतकात, १९६० च्या दशकात, बट्रेसना जोडणारे काही लोखंडी बंध अनावश्यक समजून काढण्यात आले. त्यानंतर वाऱ्यामुळे होणारी हालचाल चिंताजनक ठरली आणि पोलादी बंध बसवावे लागले. अवयवाचे कार्य शांत हवेत दिसले नाही, म्हणून ते नाहीच, असा निष्कर्ष किती महाग पडू शकतो, हे यावरून दिसते.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीनेही हेच सिद्ध केले. लाकडी छप्पर जळाले, खुद्द व्हिओले-ल-द्यूक यांनी उभारलेला टोकदार मनोरा पडला आणि कमानछताचे काही भाग कोसळले. छताचा बाहेरचा रेटा नाहीसा झाल्यास अर्धकमानीच भिंतींना आत ढकलतील, अशी भीती होती. म्हणून त्यांच्याखाली लाकडी आधारसाचे बसविण्यात आले. आधार देणाऱ्यालाच आधार द्यावा लागला. कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले.

निष्कर्ष

बट्रेस हा गणिताने सिद्ध केलेला अवयव नाही, तसाच तो निव्वळ अलंकारही नाही. वारा, चुन्याचे दबणे, आग अशा प्रसंगांतच त्याचे कार्य पूर्णतः उघड होते. व्हिओले-ल-द्यूक यांचा प्रश्न योग्य होता. मात्र त्याचे उत्तर एका क्षणाच्या समतोलात न शोधता इमारतीच्या संपूर्ण आयुष्यात शोधावयास हवे. जुन्या वास्तूंच्या जतनाचे निर्णय याच विवेकावर अवलंबून आहेत.