'झिंगाट' : एक रसग्रहण

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटांतील 'झिंगाट' हें अजय-अतुल यांचें गीत नागभीडकडील वरातींतही वाजतें. त्याची बोली करमाळ्याकडील, आमची झाडीबोली निराळी. तरी कोणाचे पाय अडत नाहींत. ठेक्याचें कौतुक पुष्कळ झालें. आमच्या मतें खरी गंमत शब्दांत आहे. येथें गालांवर लाली चढते ती मुलाच्या! आणि लग्न ठरण्यापूर्वींच हा बहाद्दर लेकराबाळांपर्यंत जाऊन पोंचतो. साऱ्या गांवाला आपल्या लग्नाची घाई झाली आहे, असेंही तो खुशाल सांगतो. चित्रपटाचा शेवट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही बढाई हंसत ऐकवत नाहीं. जातीबाहेर लग्न केलेल्या या जोडप्याचा जीव मुलीचे आप्तच घेतात. वरातींत मात्र तेंच कडवें सर्वांत मोठ्यानें म्हटलें जातें.