रानातली तबकडी : लहर किती, हेळसांड किती?

फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. प्रसादाच्या शिऱ्यात साखर कमी पडली तरी आपण ते बोलून दाखवत नाही. आमच्या काउंटीच्या उद्यानामागच्या रानात १८ होलांचा जो डिस्क गॉल्फ कोर्स आहे, त्याच्याविषयी इथले नेहमीचे खेळाडू याच भावनेने बोलतात. जुना आहे, वेडावाकडा आहे, पण फुकट आहे आणि वेडेपणातच त्याची मजा आहे, असे त्यांचे म्हणणे. गेली चार वर्षे मी तिथे खेळतो आहे. कोर्स वेडावाकडा आहे, हे मला मान्य आहे. पण त्याची सगळीच दुखणी ‘मजा’ या एका शब्दाखाली झाकावीत, हे मला पटत नाही. कुठे लहर आहे आणि कुठे निव्वळ हेळसांड आहे, याचा निवाडा कोणीतरी करायला हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी खेळाविषयी थोडेसे. उन्हाळी सहलीला उद्यानात गेल्यावर एका लोखंडी खांबाला साखळ्या लोंबताहेत आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली आहे, असा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पाखरांना दाणे घालण्याची ही अमेरिकन तऱ्हा असावी, असे समजून काहींनी तो सोडूनही दिला असेल. ते डिस्क गॉल्फचे ‘होल’. यातली तबकडी नेहमीच्या फ्रिस्बीहून लहान, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, वजनाने फार तर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास आणि कडेला निमुळती असते. टीवरून ती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि साखळ्यांना लागून टोपलीत पडली की मोजणी थांबवायची. फेकी कमी तो जिंकला. तबकडी हरवलीच तर नियमाने शोधायला ३ मिनिटे मिळतात; आमच्या रानात ती कधीच पुरत नाहीत.

या खेळाचा इतिहासही झाडांमध्येच सुरू होतो. व्हॅम-ओ या फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. तिथे आधी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही, यावर वाद होत. त्यावर उपाय म्हणून साखळ्यांची टोपली आली आणि १९७७ साली तिचे पेटंट मिळाले. हेड्रिक २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. आता असे दहा हजारांहून अधिक कोर्स जगभर आहेत आणि त्यांतले बहुतेक विनामूल्य आहेत.

ते विनामूल्य असू शकतात याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. गॉल्फच्या १८ होलांना शंभर-दीडशे एकर जमीन, रोज कापलेले गवत आणि पाण्याचे पाट लागतात. तबकडी हवेतून जाते, तिला हिरवळीशी देणेघेणे नाही. म्हणून जी जमीन दुसऱ्या कशालाच उपयोगी नाही, म्हणजे ओढ्याकाठचा उतार, दगडाळ टेकाड किंवा दाट रान, ती या खेळाच्या वाट्याला येते. तेव्हा लहरीपणा हा या खेळाचा दोष नसून पिंड आहे. खुद्द गॉल्फमध्येही तो मानाने नांदतो. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर सतराव्या होलचा पहिला फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारावा लागतो आणि लोक त्यासाठी जगभरातून येतात.

आमच्या कोर्सचे चौथे होल याच जातीचे आहे. टीपासून जेमतेम वीस पावलांवर दोन जुने ओक उभे आहेत आणि त्यांच्यामधली फट दोन हातांहून फार मोठी नाही. फटीतून सरळ जावे, की डावीकडून वळवून न्यावे? उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी वेग मंदावला की डावीकडे कलते, त्यामुळे दुसरा मार्ग घेणाऱ्याला ती उलटी कलती करून सोडावी लागते. आठव्या होलची टोपली दगडांच्या जुन्या ढिगावर बसवली आहे. फेक चुकली तर तबकडी ढिगावरून घरंगळत खाली ओढ्याकडे निघते. दोन्ही होले क्रूर आहेत, पण प्रामाणिक आहेत. जो काही धोका आहे तो टीवर उभे राहिल्यावर डोळ्यांना दिसतो. निवड तुमची, फळही तुमचे.

आता सहावे होल पाहा. टीवरची काँक्रीटची फरशी मधोमध फुटली आहे आणि तिचा अर्धा भाग खचला आहे. पाऊस पडून गेल्यावर त्यावर पाचोळा बसतो आणि फट दिसेनाशी होते. धावत येऊन फेकणाऱ्याचा गुडघा तिथे पणाला लागतो. यात कौशल्याचा काहीच संबंध नाही. माझ्या मते कसोटी हीच आहे : जी अडचण खेळाडूला विचार करायला लावते ती लहर, आणि जी त्याला नकळत गाठते ती हेळसांड.

जमिनीचीही तीच कथा. वर्षानुवर्षे एकाच वाटेने पावले पडली की माती घट्ट होते, उतारावर वाहून जाते आणि मुळे उघडी पडतात. बाराव्या होलच्या टोपलीभोवती आज माती कमी आणि मुळेच जास्त आहेत. उपाय काही खर्चिक नाही. एका होलला टोपलीच्या दोन जागा ठेवायच्या, आलटून पालटून वापरायच्या आणि मोकळ्या जागेवर लाकडाचा भुसा पसरायचा. रानातला कोर्स आपोआप बदलतही असतो. मिशिगनमध्ये २००२ साली ज्या हिरव्या भुंग्याचा पत्ता लागला, त्याने या भागातले अ‍ॅशचे असंख्य वृक्ष मारले. झाड गेले की होलचा अर्थच बदलतो. काल जे वळण घ्यावे लागत होते ते आज लागत नाही. आमच्या दहाव्या होलचे असेच सपाटीकरण झाले, आणि त्याची कोणी पुन्हा आखणी केली नाही.

सगळ्यांत गंभीर दोष मात्र पाट्यांचा. अकराव्या होलनंतर पुढची टी कुठे आहे हे सांगणारी एकही खूण उरलेली नाही. नेहमीच्यांना ती लागत नाही. ते पडलेल्या झाडावरून उडी मारून बोलत बोलत पुढे निघून जातात. नवखे कुटुंब मात्र मुलांना घेऊन रानात दोनदा फिरते, पायाला विषारी वेल लागेल या धास्तीने परत वळते आणि पुन्हा येत नाही. दार उघडे असूनही आत येण्याची वाट फक्त ओळखीच्यांना ठाऊक असेल, तर सार्वजनिक जागेचा हळूहळू खाजगी क्लब होतो. कोणी तसे ठरवलेले नसते, कोणाच्या मनात वाईटही नसते. परक्या देशात पहिल्या वर्षी ‘हे तर सगळ्यांनाच माहीत असते’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि आपल्या मंडळांच्या पत्रकांवर ‘स्थळ : नेहमीचे’ असे छापले जाते, तेव्हा आपणही हीच पाटी काढून टाकत असतो.

म्हणून माझा निवाडा असा. चौथ्या होलचे ओक आणि आठव्याचा दगडांचा ढीग यांना कोणी हात लावू नये. सहाव्याची फरशी, बाराव्याची माती आणि अकराव्यानंतरची पाटी यांच्याकडे मात्र याच वसंतात लक्ष द्यावे. त्यातले पाटीचे आणि भुशाचे काम, उद्यान खात्याची परवानगी काढून, आठ-दहा माणसांच्या दोन शनिवारांत होण्यासारखे आहे. जे कोर्सच्या वेडेपणावर प्रेम करतात, त्यांनीच आधी फावडे हाती घ्यावे.